मालुबाईच्या म्हशीचा विषय

आमच्या मंडळीत कुणी आजारी पडत नाही, परीक्षेतून जातो. कुणी मरत नाही, प्रभूमध्ये निजतो. बदली होत नाही, दार उघडतं. आणि ती बदली रद्द झाली तर प्रभू आपल्याला थांबायला शिकवत असतो. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आमच्यात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. "मी याविषयी प्रार्थना करतो," असं म्हणतात. निपाणीत पस्तीस वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की ज्यानं प्रार्थना करतो म्हटलं, त्याला पुन्हा विचारायला जाऊ नये.

हे मी टोमणे मारायला लिहीत नाही. म्हणजे मारायलाच लिहितेय, पण पहिला टोमणा मला स्वतःला. कारण ही भाषा नव्यानं येणाऱ्या बायकांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आपण होऊन घेतलं होतं. आणि त्यापायी मालुबाईचा उरलेला एकच डोळा जायची वेळ आली.

मालुबाई बोरगाव रस्त्याला राहते. पिढ्यांची ख्रिस्ती, पण तिच्या सासरच्या खेड्यात ना चर्च, ना पाळक. वर्षातून दोनदा कुणीतरी पाळक मोटारसायकलवरून यायचे, प्रार्थना करायचे, जेवून जायचे. त्यामुळे देवाशी बोलायची तिची रीत घरगुती होती. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तशी ती म्हैस घेऊन इकडे राहायला आली. पहिल्याच बुधवारी, घरोघरी भरणाऱ्या आमच्या प्रार्थनेच्या बैठकीत, तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं सांगितलं, "देवा, चंद्रीनं काल परत बादली लवंडली. तिला जरा अक्कल दे. न्हायतर मला तरी जोर दे. आमेन."

चंद्री म्हणजे म्हैस. पोरं खिदळली. महिला मंडळाच्या राजाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैठक संपल्यावर मी मालुबाईला बाजूला घेतलं.

"मालुबाई, मंडळीत असं नाही बोलायचं. 'माझ्या मनावर एक ओझं आहे, विषय प्रभूला ठाऊक आहे,' एवढंच म्हणायचं."

"त्येला ठावं हाय खरं, आक्का. पर तुमास्नी कसं कळायचं?"

"आम्हाला कळायची गरज नसते," मी म्हणाले. या वाक्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

बाई हुशार. दोन महिन्यांत सगळं उचललं. ओझं, कृपा, साक्ष, पाचारण, सगळे शब्द जागच्या जागी. नव्या बायकांना मी तिचं उदाहरण द्यायला लागले.

यंदा फेब्रुवारीत पहिल्या बुधवारी मालुबाई उठली आणि म्हणाली, "माझ्या मनावर एक ओझं हाय. विषय प्रभूला ठाऊक." आम्ही सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि प्रार्थनेला लागलो. आमचे पाळक आशिष. वय एकोणतीस, पाळकपणाचं शिक्षण संपवून दोन वर्षं झालेली. माणूस गुणी, पण प्रार्थनेला उभा राहिला की बंधनं तुटायची, तट कोसळायचे, भिंती पडायच्या. इतक्या भिंती पडायच्या की आमेन म्हणताना छताकडे बघून घ्यावंसं वाटायचं.

दुसऱ्या बुधवारी पुन्हा ओझं. पुन्हा विषय प्रभूला ठाऊक. आता मात्र मंडळीला चैन पडेना. विचारायची सोय नाही, कारण विचारणं म्हणजे उथळपणा; पण अंदाज बांधायला कुणाची बंदी? राजाबाईंचं मत, बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात असलेला मालुबाईचा मुलगा प्यायला लागला असणार. माझं मत, सून नांदत नसणार. दोघीही आपापल्या मताप्रमाणे प्रार्थना करत होतो. त्या बिचाऱ्या पोराची दारू सुटावी म्हणून मी स्वतः एक दिवस उपास केला. तो थेंबाला शिवत नाही, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघीजणी तिच्या घरी प्रार्थनेला गेलो. अंगणात चटई टाकली. राजाबाईंनी सुरुवात केली आणि शेजारीच बांधलेल्या चंद्रीनं असा हंबरडा फोडला की राजाबाई वाक्य विसरल्या. मी चिडले.

"मालुबाई, ती म्हैस जरा लांब बांधता येईल का?"

"आक्का, तिचंच तर..." मालुबाई म्हणाली.

मी प्रेमानं तिच्या हातावर हात ठेवला. "विषय सांगायची काही गरज नाही. प्रभूला ठाऊक आहे."

मग चहा आला. मी पुढे केलेला कप घेताना तिचा हात कपाच्या वीतभर बाजूनं गेला, दोनदा. मला वाटलं, आत्म्यात भारावलीय. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही हे मला दारातून कळायचं. आणि इथं हातभर अंतरावर बसलेली बाई आंधळी होत चाललीय, ते कळलं नाही.

चौथ्या बुधवारी बैठक माझ्या घरी होती. पाळकांनी मोठी घोषणा केली. मालुबाईच्या ओझ्यासाठी मंडळी चाळीस दिवसांची उपासाची साखळी धरणार. रोज एकानं उपाशी राहायचं. कागद फिरवला, तर दहा मिनिटांत निम्मा भरला, उरलेली नावं घरी न विचारता घरच्यांची घातली. राजाबाईंनी आपला दिवस एकादशीसारखा मोक्याचा निवडल्याच्या थाटात रविवार घेतला. सगळ्यांचे चेहरे कसे उजळलेले.

"हे काय चाललंय?" मालुबाईनं शेजारणीला विचारलं.

पाळक म्हणाले, "मालुबाई, तुमच्यासाठी चाळीस दिवस रोज एकजण अन्न सोडणार आहे."

मालुबाई भिंतीला धरून उठली.

"माझ्यापायी कुणी उपाशी ऱ्हाऊ नगा," ती म्हणाली. "उद्या माझा डोळा कापायचा हाय बेळगावला. डावा मागंच गेलाय, आता उजव्यात मोती पिकलाय. डॉक्टर म्हणला, फुटला तर डोळा गेला म्हणून समज. दोन तारखा मी चुकवल्या. ल्योक दवाखान्यात येऊन बसतो म्हणालाय, त्येचं काय न्हाय. पर दोन दिवस चंद्रीला कोण पिळणार? रेडकू मेल्यापास्नं ती माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय. शेजारचा परशराम बसला एकदा, त्येच्या मांडीवर लाथ घातली. लंगडतोय अजून. आणि तशीच सोडली तर कास सुजून मरंल माझी म्हस." तिनं दम घेतला. "चाळीस माणसं उपाशी नगंत मला. एक माणूस पायजे. धार काढणारं."

साखळीचा कागद कुणीतरी हळूच उलटा ठेवला.

मग एकेकाला कंठ फुटला. "प्रभू नक्कीच कुणाला तरी उभं करील," असं एकजण बसूनच म्हणाले. दुसऱ्यांना वाटलं, ही विश्वासाची कसोटी आहे, अर्थात मालुबाईच्या. राजाबाई म्हणाल्या, "मी याविषयी प्रार्थना करते." बिचारे पाळक तेवढे लाल झाले. मग म्हणाले, "मालुबाई, खरं सांगू? मला म्हशीची फार भीती वाटते. पण शेण काढीन. वैरण घालीन."

त्या दिवशी मला हा पोरगा पहिल्यांदा पाळक वाटला.

आणि मी? मी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. कारण मालुबाई सोडली तर त्या खोलीत धार काढता येणारी एकटी मीच होते, आणि ते कुणालाही माहीत नव्हतं. माझं लहानपण येळ्ळूरजवळच्या वस्तीवर गेलं. वडील दुसऱ्याची जनावरं सांभाळायचे. तेराव्या वर्षी मी बेळगावच्या वसतिगृहात आले आणि पहिल्याच दिवशी वस्तीवरच्या बायका बोलतात तसं "मी आलतो" म्हणाले, तेव्हा पोरी आठवडाभर मला 'आलतो' म्हणूनच हाका मारत होत्या. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून ठेवली. लग्न झालं, मुलं झाली, शाळेत बाई झाले. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी म्हशीविषयी कधी सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि बुधवारच्या बैठकीत ती लाज मी मालुबाईच्या गळ्यात बांधली होती.

"मालुबाई," मी घसा खाकरला, "प्रभूची इच्छा असेल तर मी..."

ती आवाजाच्या दिशेनं वळली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर गेली.

"त्येची इच्छा मी त्येला इचारते, आक्का. तुमची सांगा. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले. "जमंल मला. येळ्ळूरात धा धा म्हशी पिळल्यात मी."

राजाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये चप्पल घालून वेदीवर चढले होते. बघू दे.

सकाळी पहिल्या एसटीआधी मी बोरगाव रस्त्याला पोचले. मालुबाईनं आपलं रोजचं लुगडं माझ्या अंगावर चढवलं, कारण चंद्री वासानं ओळखते. जाताना एकच सूचना केली. "बोलत ऱ्हावा तिच्याशी. गप बसलासा की मारती."

बोलण्याचं काय, मी आयुष्यभर बोलण्याचंच खाल्लं. तांब्याभर पाण्यानं कास धुतली, बादली मांड्यांत धरली आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, "हे कृपाळू परमेश्वरा, या मुक्या प्राण्याच्या ठायी..." चंद्रीनं बादली अंगणाच्या पार त्या टोकाला पोचवली. पाळक शेणाची पाटी टाकून दगडी कुंपणावर चढले.

दुसऱ्यांदा बसले. या वेळी प्रार्थनेचं नाव घेतलं नाही. "अगं, माझा गुडघा दुखतोय," मी म्हणाले. "एकसष्टीला आलेय मी. तुझी मालकीण तिकडं डोळा कापून घ्यायला गेलीय, आणि जायला एवढा उशीर झाला तो माझ्यामुळं. ती सांगायला लागली तर मीच तिचं तोंड मिटलं. तुलाही लांब बांधा म्हणाले. माझं चुकलं." माझं चुकलं, असं एवढं सरळ मी कुणा माणसाला कधी सांगितल्याचं आठवत नाही. चंद्रीवर मात्र काही परिणाम झाला नाही. मग माझा मोर्चा राजाबाईंकडे वळला. त्यांनी रविवार का घेतला, तर रविवारी त्या लेकीकडे जेवायला जातात आणि लेकीचा स्वयंपाक त्यांना मुळीच आवडत नाही, हे मी सविस्तर सांगायला घेतलं, आणि चंद्रीनं पान्हा सोडला. बादलीत चुर्र चुर्र आवाज यायला लागला. माझ्या बोटांना सगळं आठवत होतं. मला रडूच आलं.

"पुढं काय झालं, आक्का?" कुंपणावरून पाळकांनी विचारलं.

"पुढचं संध्याकाळी," मी म्हणाले. "आधी शेण."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी मालुबाईच्या मुलाचा फोन आला, ऑपरेशन झालं, पट्टी उद्या सकाळी काढणार. कसं झालं, ते पट्टी काढल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याला, "आम्ही प्रार्थनेत..." इथपर्यंत आले आणि म्हणाले, "बाबा, मला लई काळजी लागलीय. कळलं की लगेच सांग." त्यानं सांगितलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत मी दहादा फोन बघितला.

संध्याकाळी धारेच्या वेळी रिक्षा थांबली. मुलाच्या हाताला धरून मालुबाई उतरली, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मी तशीच उभी, अंगावर तिचं लुगडं, कोपरापर्यंत शेण, डोक्याला फडकं, महिनाभर केसांना कलप नाही. तिनं आधी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली. मग विचारलं, "किती निघालं?"

"प्रभूच्या कृपेनं..." मी सुरुवात केली.

"लिटरात सांगा, आक्का."

"सकाळचं तीन, संध्याकाळचं अडीच. आणि पहिल्या दिवशीचं अंगणानं पिलं."

मालुबाई हसली. मुलगा "आये, नगं, नगं" म्हणत असताना तिनं चष्मा वर केला, डोळा बारीक करून माझ्याजवळ आली आणि वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं.

"अगं बया," ती म्हणाली. "आक्का, तीन वर्सांत तुमी लईच म्हाताऱ्या झालासा की! केस तर निम्मं पांढरं. आणि नाकाला शेण लागलंय."

मला असा राग आला म्हणून सांगू. तीन दिवस राबून हे ऐकायचं? आता हिला चांगली सुनवावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की मालुबाईला दिसतंय.