नावापुढची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना प्रत्यय आहे. माझे नाव ‘जिया’. एकटा मी काहीच नाही. शब्दाच्या शेवटी बसलो की तिथे माणूस उभा राहतो. तुर्कांबरोबर मी बोस्नियात आलो आणि तिथलाच झालो. ‘कलाय’ म्हणजे कल्हई; कल्हई करणारा तो कलायजिया. हट्टी माणूस तो इनाजिया. पुढे तिथल्या मूळच्या शब्दांनाही लोकांनी मला जोडले, बोलघेवड्याला गोवोरजिया म्हटले.

सारायेवोच्या तांबट आळीत कल्हई करणाऱ्या हासिबआगांच्या पाटीवर मी चाळीस वर्षे होतो. धुराने काळा पडलो, पण मान होता. मग स्टीलची भांडी आली. हे तुर्की शेपूट आता कशाला, असे शहाणे लोक विचारू लागले. हासिबआगा वारले आणि त्यांची मुलगी नसिहा भट्टीपुढे बसली.

पाटी रंगवणारा झ्लात्को तिला म्हणाला, “बाई, ‘भांडी दुरुस्ती’ लिहू या. कलायजिया पुरुषाला म्हणतात. तुम्हाला कोण म्हणणार?”

“माझं नाव लिही आणि पुढे जागा सोड.”

“रिकामी?”

“कोणी म्हणेल तेव्हा भरीन.”

“इनाजिया आहात झालं,” तो पुटपुटला.

मला हसू आले. मला नको म्हणणाऱ्याच्याच तोंडून मी बाहेर पडलो होतो.

पाटीवरची रिकामी जागा बघून, रंग संपला का, असे समोरचा चांभार रोज विचारी. नसिहा भट्टी फुंकत राही.

बायराम, म्हणजे तिथली ईद, जवळ आला तशा जुन्या गिऱ्हाईक, म्हाताऱ्या मेयराहानुम कॉफीचे भांडे घेऊन आल्या. हासिबआगांचेही त्यांनी कधी कौतुक केले नव्हते. नसिहाने तांबे तापवले, नवसागर टाकला, कथील कापसाने फिरवले. मेयराहानुमनी चष्मा लावून भांडे उजेडात धरले, तोटीजवळचा काळा ठिपका दाखवला आणि परत दिले. नसिहाने पुन्हा कल्हई केली. म्हातारीने आतून बोट फिरवले.

“कलायजिया, उद्या परात आणते. बायरामच्या आधी हवी, कारणं नकोत.”

चांभाराचा हातोडा थांबला. नसिहाने हात पुसले आणि स्वतःच कुंचला घेतला. नावापुढच्या जागेत ‘कलायजिया’ लिहिले; अक्षरे वाकडी आली. झ्लात्को सरळ करायला आला, तर तिने हात लावू दिला नाही.

मित्रांनो, मला परका म्हणून हाकलणारे पुष्कळ झाले. तुमच्या ‘मशालची’ शब्दातल्या ‘ची’त माझेच भावंड बसले आहे, त्याला विचारा. पाटीवरून मला खुशाल खरवडा. पण कोणी काम चोख केले, तर त्याला त्याच्या कामाच्या नावाने हाक मारा. तेवढे जपलेत तरी मला पुरे. त्या हाकेच्या शेवटी मी असेन.