चार पायांची काठी आणि कमरेचा पटका

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. साधीसुधी नव्हे, चार पायांची. वर एकच दांडा, खाली पसरलेले चार आखूड पाय आणि प्रत्येक पायात रबरी बूट. एवढे चार पाय असूनही मला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे नंतर कुणी हसायला नको.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापून, वाकवून एका कारखान्यात मला घडवले. तिथून मी शहरातल्या छावणी भागातल्या एका दुकानात आले आणि बाहेर ठेवलेल्या चाकांच्या खुर्च्यांशेजारी धूळ खात उभी राहिले. गारखेड्याच्या काकासाहेबांनी मला विकत घेतले. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. गल्लीत भेटेल त्याला ते माझे कौतुक सांगत. गुडघा बरा झाला आणि कौतुकही संपले. मी माळ्यावर गेले, मोडक्या कूलरच्या मागे. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. वैद्याची ही गत, तर काठीला कोण विचारतो?

काकासाहेबांच्या खालच्या दोन खोल्यांत अंगद नावाचा भाडेकरू राहतो. तो दिवसभर कंपनीत कामाला असतो. त्याचे वडील सोनाजी हर्सूलच्या पलीकडे मेंढरे राखत. एका सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. मेंढरे कुणाच्या भरवशावर सोडणार, म्हणून सोनाजींची बायको राजाबाई तिकडेच राहिली आणि अंगदने वडिलांना आपल्या घरी आणले. तेव्हा काकासाहेबांना माझी आठवण झाली.

सोनाजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि जड जिभेने विचारले, "ही काठी हाय का तिपाई?"

मला राग आला. पण त्यांचेही चुकले नव्हते. त्यांची काठी म्हणजे उंच वेळू, आणि ती मेंढरांसाठी. चालताना काठीवर भार टाकायचा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. रानात ती दोन्ही खांद्यांवर आडवी ठेवायची, तिच्यावरून मनगटे लोंबती सोडायची आणि कळपामागे चालायचे, ही त्यांची जन्माची सवय.

चालणे पुन्हा शिकवायला दवाखान्यातल्या सायलीताई येत. काठी चांगल्या हातात धरायची, म्हणजे डाव्या. आधी काठी पुढे, मग लुळा पाय, मग धडधाकट पाय. हे सुरुवातीचे महिने मोलाचे आहेत, दिवसातून अनेकदा उठा, असे त्या बजावून सांगत. मात्र एकट्याने नाही. उजव्या बाजूला कुणीतरी कमरेला धरून चालायचे.

तिथेच सगळे अडले. दिवसा घरात एकटी प्रांजली असायची, सोनाजींची सून. त्या घरात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, त्यांच्यासमोर मोठ्याने बोलत नाही. ती डोक्यावर पदर घेऊन ताट ठेवी, पाण्याचा तांब्या ठेवी आणि आत जाई. दोन्ही माणसे लाखमोलाची. पण अंगद येईपर्यंत सोनाजी खाटेवर आणि मी खाटेशेजारी, असा आमचा दिवस जायचा.

संडास अंगणाच्या टोकाला होता. तिथे जायचे तर धरायला माणूस हवा. म्हणून सोनाजींनी दिवसा पाणी पिणेच सोडले. तांब्या भरलेला येई आणि भरलेलाच परत जाई. अंगदने विचारले की ते तहान नाही म्हणत. त्यांचे सुकलेले ओठ मला दिसत होते, पण काठीच्या दिसण्याचा उपयोग काय? इकडे पाय ताठत चालला होता. असेच चालले तर अंथरूण सुटायचे नाही, असे सायलीताईंनी स्पष्ट सांगितले. सोनाजींना तर पुन्हा कळपामागे उभे राहायचे होते. दुसरे काही त्यांनी मागितले नव्हते.

एका दुपारी त्यांना लघवीची घाई झाली, धीर धरवेना. त्यांनी मला डाव्या हातात घेतले आणि एकटेच निघाले. दारापर्यंत आम्ही नीट पोहोचलो. तेवढ्यात बाहेरून कुणाच्या तरी शेळ्या चालल्या होत्या, त्यांच्या गळ्यातली घंटी वाजली. सोनाजींची मान ताठ झाली. त्यांनी मला जमिनीवरून उचलले आणि सवयीने खांद्यावर आडवे घेतले.

आम्ही दोघेही कोसळलो. धोतर ओले झाले. प्रांजली धावत आली आणि हातभर अंतरावर थबकली. तिचा हात पुढे आला, मागे गेला. काकासाहेब गावाला गेलेले, हाक तरी कुणाला मारणार? सोनाजींनी तोंड भिंतीकडे फिरवले. मित्रांनो, मला त्या दोघांची फार दया आली.

मग तिने खुंटीवरचा सोनाजींचा लाल पटका काढला. डोक्याला बांधायचा तो पटका. त्याला घरात दुसरे कुणी हात लावत नसे. तिने त्याची जाड घडी केली, ती सासऱ्यांच्या कमरेला आवळून बांधली आणि गाठीपाशी मूठ घट्ट धरली. आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने बोलली, "मामा, मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुमी त्याला हात लावू का नको, आसं इचारत बसता व्हय?"

सोनाजींनी डाव्या हाताने मला पकडले. तिने पटक्याला धरून वर ओढले, मी खालून पाय रोवले आणि सोनाजी उभे राहिले. आधी मी, मग लुळा पाय, मग चांगला. अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आम्ही तिघे परत आलो. खाटेवर बसल्यावर त्यांनी तांब्याकडे बोट दाखवले.

"पोरी, पानी दे," ते म्हणाले.

त्यांनी सगळा तांब्या रिकामा केला. काकासाहेबांच्या तोंडून माझे कौतुक मी पुष्कळ ऐकले आहे, पण त्या दिवसाइतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

सायलीताईंनी पटका पाहिला आणि पसंत केला. दवाखान्यात यासाठी पट्टा असतो, हाही चालेल, फक्त आवळून बांधा आणि हाताला धरून ओढू नका, असे त्यांनी सांगितले. मग आमच्या दिवसभर फेऱ्या सुरू झाल्या. आधी अंगण, मग गल्ली. पाय अजूनही थोडा फरफटतो, पण पडत नाही.

परवा सगळे हर्सूलला गेलो. मेंढरे दिसताच सोनाजींनी मला हळूच उचलले. मागून प्रांजली म्हणाली, "मामा, काठी खाली." मी खाली आले. भावकीतला कडुबा हे बघत होता. डोके उघडे आणि पटका कमरेला, तोही सुनेच्या हातात! हे काय सोंग, म्हणून त्याने विचारलेच.

"डोक्यावर व्हता तव्हा नुस्ता मान व्हता," सोनाजी म्हणाले. "आता सून धरती."

आणि ते कळपामागे चालू लागले.

मित्रांनो, घरात कुणाचे पाय लुळे पडले तर त्यांच्या पाया लांबून पडू नका. जवळ जा, कमरेला धरा आणि उठवा. सोनाजींचे काम झाले की मला पुन्हा माळ्यावर टाकू नका, कुणा गरजूला द्या. माझे बूट झिजलेत, तेवढे बदला. आणि मला देताना सोबत एक जुना पटकाही द्या.