राखीव निधी आणि जिना

गायन मंडळाच्या खजिनदार काकू म्हणजे एक नंबरच्या कवडीचुंबक. पंखा बंद पडला, की म्हणायच्या, "खिडकी उघडा." खुर्ची मोडली, की म्हणायच्या, "उभ्याने आवाज मोकळा लागतो." राखीव निधी फक्त संकटासाठी, हे त्यांनी सभासदांच्या असं गळी उतरवलं होतं, की लोक साधे खिळेसुद्धा स्वतःच्या खिशातून आणत.

आणि आज वार्षिक सभेत त्याच काकू उठून म्हणाल्या, "तळमजल्यावरची खोली भाड्याने घेऊ या. भाडं दुप्पट आहे. वर्षभर जास्तीचे पैसे राखीव निधीतून देऊ."

कारण उघड होतं. हे मंडळ काढणाऱ्या दादांना, म्हणजे काकूंच्या थोरल्या भावाला, गुडघ्यांमुळे इथला जिना चढवेना. दोन महिने ते आले नव्हते, आणि घरी त्यांचं गुणगुणणंही थांबलं होतं. काकूंना ते बघवत नव्हतं.

"पण काकू, हे संकट कसं?" बेकरीवाला म्हणाला. "छत पडलं, आग लागली, तर संकट. तुमचेच शब्द!"

"भावासाठी तिजोरी उघडली, असं म्हणतील हो लोक," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांना हे शिकवलं कुणी?

बेकरीवाल्याने थेट दादांनाच फोन लावला.

"माझ्यासाठी? एक पैसा काढायचा नाही!" दादा गरजले. "माझं मत विरोधात!"

काकूंचे डोळे चमकले. "फोनवरचं मत धरत नाहीत, दादा. वर केलेला हात सगळ्यांना दिसला पाहिजे. नियम तूच केलास."

"मग येतो!"

थोड्या वेळाने खाली टॅक्सी थांबली. दादा रागारागाने तीन पायऱ्या चढले आणि कठडा धरून मटकन खाली बसले. त्यांना वर बोलवायची कुणाचीच छाती होईना. शेवटी सगळी सभाच जिन्यावर उतरली.

दादांनी धापा टाकत हात वर केला.

"विरोधात एक," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाजूने?"

जिनाभर हात वर झाले. बेकरीवाल्याचे तर दोन्ही. त्यातला एक काकूंनी खाली ओढला.

"निव्वळ उधळपट्टी!" दादा डोळे पुसत म्हणाले.

"तुझा विरोध लिहून घेतलाय," काकू म्हणाल्या. "आता उठू नकोस, तिथूनच सूर दे."

कठड्याला टेकून दादांनी सूर दिला.