राजाच्या गालावरची सुरकुती

संग्रहालयात सगळे त्यांना नाणेबाई म्हणत, आणि त्यांचा घड्याळजी नवरा त्यांच्या नाण्यांवरच्या जुन्या राजाला 'आमच्या घरातले थोरले' म्हणे. म्हणणारच! सव्वीस वर्षं बाई त्याच्यापायी वेड्या झाल्या होत्या. कुठे शिलालेख नाही, कुठल्या पोथीत नाव नाही. राजा होऊन गेला याला पुरावा काय, तर चांदीची अकरा नाणी. चारांवर तुकतुकीत गालाचा तरुण. उरलेल्या सातांवर गालाला सुरकुती, तीही नाण्यागणिक लांबत गेलेली. त्यावरून बाईंनी ठरवून टाकलं, राजाने तीस वर्षं राज्य केलं आणि तो सुखाने म्हातारा झाला. तसं जाडजूड पुस्तकही लिहिलं. सोमवारी ते छापायला जायचं होतं.

शुक्रवारी एका गवंड्याला पाया खणताना बारावं नाणं सापडलं. आधीच्या नाण्यांच्या कडा कुणीकुणी चांदीच्या लोभाने पार कानापर्यंत कातरलेल्या होत्या, हे मात्र अगदी सबंध. बाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं, टेबलाशी बसवलं. तो डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिला.

"काय गं, तुझ्या म्हाताऱ्याची सुरकुती चेहऱ्याबाहेर कशी गेली?"

बाईंनी भिंग हिसकावूनच घेतलं. रेघ गालावरून निघून, कान ओलांडून थेट नाण्याच्या काठाला भिडली होती. त्यांनी बाराही नाणी ओळीने मांडली. केसांची बट न् बट तीच, कानाची पाळी तीच. नाणी पाडायच्या प्रत्येक नव्या ठशावर कारागिरांनी जुनाच चेहरा इमानाने उतरवला, असं त्या इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. कसले कारागीर आणि कसलं काय! ठसा एकच होता. हातोड्याचे घाव खाऊन तो तडकला होता आणि घावागणिक तडा लांबत गेला होता. त्या तड्यालाच बाई म्हातारपण समजल्या.

छापखान्याला फोन लावून पुस्तक थांबवा एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. लाज तर वाटतच होती, पण त्याहून मोठा धक्का अजून पुरता बसायचा होता.

"असा एक ठसा टिकतो किती?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"महिना. फार तर दोन."

"आणि मग?"

"मग दुसरा घडवतात." बाई त्या तुकतुकीत गालाकडे बघत राहिल्या. "याचा दुसरा घडवायची वेळच आली नाही. पोरगाच होता हो तो."

आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.