भटूने पसंत केलेला पंजा

“साध्या बकेटने दगड उचलला की त्याच्याबरोबर चांगली मातीही उचलली जाते, काका. मग शेतकरी बोंब मारतो,” चोपडा गावातल्या अवजारांच्या दुकानातला प्रेमराज सुकदेवला समजावत होता. “या दातांच्या बकेटमधून माती गळून जाते, दगड तेवढे राहतात. पण ओंडके आणि झुडपं असतील तर हा पंजा घ्या. वरून मिटतो, धरलेलं सोडत नाही.”

सुकदेवने कंबरेवर हात ठेवून तिन्ही अवजारांकडे पाहिलं. दुखऱ्या कंबरेने उभं राहायचाही कंटाळा आला होता. सातपुड्याच्या पायथ्याची पडीक रानं त्याने याच ट्रॅक्टरने साफ केली होती, पण लोडरला पुढे साधी बकेट. ओंडका तिच्यात ठरायचा नाही, घरंगळायचा. म्हणून भटू. काट्यांत घुसून तो ओंडक्याला साखळी आवळायचा, हात वर करायचा आणि मग सुकदेव लोडर उचलायचा. त्या कामात भटूची दोन बोटं कायमची आखडली होती.

एकेका ओंडक्यापायी ट्रॅक्टर पुढेमागे करून अलीकडे सुकदेवची कंबर धरायची, कामं रेंगाळायची, लोक दुसरा ट्रॅक्टर बोलवायचे. पंजा आला की हे मिटणार होतं. साखळीही मिटणार होती आणि साखळीबरोबर भटूचं कामही. हे सुकदेवला कळत होतं, म्हणून तर त्याने भटूला सोबत आणलं होतं. भटू स्वतःच पंजा नको म्हणेल आणि या पेचातून आपण सुटू, असा त्याचा हिशेब. आपल्याच माणसाशी असा कावा करायचा आणि त्याला माया म्हणायचं, हे माणसाला बरं जमतं.

“दातास्नी बकेट बरी शे ना रे भटू?” त्याने विचारलं. “दगड निंघतीन. लाकडेसले तू शेच.”

भटूने पंज्याच्या दातांवरून हात फिरवला. प्रेमराजला तो एकदा उघडायला लावला, एकदा मिटायला लावला.

“दगड काय, कोनबी येची लेस,” तो म्हणाला. “आपलं काम सारं लाकडेस्नं शे. पंजाच ल्या, भाऊ.”

“अन् तू?”

“तुम्हनी कंबर तं वाची.”

सुकदेवने पंजाच घेतला. पंजा जोडून झाल्यावर त्याने नारळ भटूच्याच हातात दिला. भटूने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि प्रेमराजसकट सगळ्यांना खोबरं वाटलं.

“उद्या येऊ नको” हे मात्र सुकदेवच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी भटू नेहमीसारखा फडक्यात भाकरी बांधून हजर झाला. रान वेड्या बाभळीने माजलेलं होतं. पंजा मिटायचा, ओंडका काट्याकुट्यासकट उचलायचा आणि बांधाकडेला नेऊन टाकायचा. कंबरेला खरंच आराम होता आणि त्या आरामाची सुकदेवला लाज वाटत होती. भटू सवयीने दोनतीनदा उठून पुढे आला. त्याला काही करायचं नसे, मग तो परत बांधावर जाऊन बसे.

दुपारी सुकदेवने इंजिन बंद केलं आणि पळसाखाली डबा उघडला.

“ये रे, भाकर खाई ले.”

“माले भूक नही.”

“कशी नही? येळ व्हई गई.”

“भूक कशी लागी, भाऊ? सकायपाईन आंग हालनं नही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो चिडला असता तर सुकदेवला चार शब्द बोलता आले असते.

“बस आठेच. सांजले संगेच घर जाऊत,” सुकदेव कसाबसा म्हणाला.

भटूने आपलं फडकं सोडलं. त्याच्या बायकोने, कमलबाईने, रोजच्यासारखा दोघांपुरता ठेचा दिला होता. सुकदेवचा वाटा त्याने डब्याच्या झाकणात काढून ठेवला, फडक्याला पुन्हा गाठ मारली आणि तो उठला.

“तुम्ही खा. लाकडे बहू शेतस अजून.”

भर दुपारी घरी निघालेला भटू सुकदेव पहिल्यांदाच पाहत होता. भाकरीचं गाठोडं काखेत धरून तो रस्त्याला लागला. वाटेत कुणी हटकू नये म्हणून, कुठेतरी मोठं काम खोळंबल्यासारखा भराभर चालत होता.