छत्तीस दात

कोकणीपुऱ्यातल्या बद्रुद्दीन मिस्त्रींनी मिलिंग मशीन घरी आणलं ते १९३४ च्या थंडीत. नांदगावकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे ते विलायती धूड चार पावसाळे गंजत पडलं होतं. उतरवून घ्यायला आठ माणसं लागली, आणि घराच्या पडवीची एक भिंत पाडावी लागली.

मिस्त्री उसाचे चरक आणि पंप दुरुस्त करत. सगळं काम छिन्नी आणि कानशीवर. तरुणपणी एकदा रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी असं मशीन चालताना पाहिलं होतं. पातं फिरत होतं, खालून लोखंड सरकत होतं आणि मागे पाण्यासारखी सपाट वाट उरत होती. तसा एक वीतभर सपाटपणा हाताने आणायला त्यांना दोन दिवस लागत. तेव्हापासून ते मशीन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

पेठकडचा रावजी दरवर्षी भाताची कापणी उरकली की त्यांच्याकडे कामाला येई. दोघांनी मिळून महिनाभर गंज खरवडला. मग भिंतीशी एक मोठं चाक उभारलं. रावजी ते हाताने फिरवी आणि पट्ट्यावरून मशीन फिरे. पण पहिल्याच दिवशी आतून कडाकड आवाज आला. मिस्त्रींनी झाकण उघडलं. पात्याला सावकाश फिरवणारं दातेरी चाक होतं, छत्तीस दातांचं. त्यातले लागोपाठ सात दात उडालेले.

मुंबईला पत्र टाकलं, तर उत्तर आलं, असं चाक आता मिळत नाही.

"दाते कापायचे तर मिलिंग मशीन लागतं," मिस्त्री जेवताना म्हणाले. "म्हणजे हे मशीन दुरुस्त करायला दुसरं असंच मशीन पाहिजे."

"मग ह्यालाच कापू द्या की," त्यांची बायको बिलकिस म्हणाली.

मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले आणि हात न धुताच उठून पडवीत गेले.

त्यांनी बाभळीच्या लाकडाचे सात दात घडवले आणि मोडलेल्या जागी पाचरी ठोकून बसवले. चांगल्या दातांमधली खाच बघून पोलादाचं एक पातं घासलं. ओतशाळेतून बिडाचं कोरं चाक आणलं. अडलं ते एकाच ठिकाणी. कोऱ्या चाकाचे छत्तीस सारखे भाग करायचे कसे? केसाएवढा फरक राहिला तरी चाक अडकणार.

बिलकिस मोहरमच्या ताबुतांसाठी कागदाची जाळी कापत असे. घड्या घालण्यात तिचा हात मोहल्ल्यात कुणी धरत नसे. "छोट्यावर चूक मोठी दिसते," ती म्हणाली. "तुम्ही मला गाडीच्या चाकाएवढी लाकडी थाळी करून द्या."

थाळीच्या कडेभोवती तिने कागदाची पट्टी गुंडाळली, टोकाला टोक भिडवून कापली. पट्टीची निम्मी घडी घातली, पुन्हा निम्मी. मग तिपदरी, मग पुन्हा तिपदरी. उलगडली तेव्हा छत्तीस घरं होती. ती पट्टी थाळीला चिकटवून मिस्त्रींनी प्रत्येक रेघेवर खाच पाडली. एकाच आसावर एका टोकाला कोरं चाक आणि मशीनबाहेर निघालेल्या दुसऱ्या टोकाला ही थाळी. खाचेत खुंटी पडली की कोरं चाक जागच्या जागी घट्ट.

सकाळी उन्हं पडवीत आली तेव्हा सुरुवात केली. "हळू, रावजी. लाकडाचे दात आहेत." पातं बिडावर टेकलं आणि काळा भुगा झरू लागला. एक खाच झाली. बिलकिसने खुंटी उचलली, थाळी एक घर फिरवली, खुंटी पाडली. बारा झाल्या. वीस झाल्या.

एकोणतिसाव्या खाचेला रावजी एकदम थांबला.

"काय झालं?"

"आतला दात हालतोय, मिस्त्री. हाताला कळतंय मला."

झाकण काढलं तर खरंच एका लाकडी दाताला चीर गेली होती. आणखी दोन फेऱ्यांत तो तुटून सगळं वाया गेलं असतं. मिस्त्रींनी रावजीच्या खरबरीत तळव्यांकडे पाहिलं. एवढ्या बिडामधून, पट्ट्यामधून त्याला ते समजलं होतं.

नवा दात बसवला. दुपार टळता टळता छत्तिसावी खाच आली. शेवटच्या दातापुरती जागा नीट उरली असेल का, हे आता कळणार होतं. पातं पार गेलं. मिस्त्रींनी भुगा फुंकला. पहिल्या आणि शेवटच्या खाचेमध्ये एक दात उभा होता, बाकीच्या पस्तिसांसारखाच.

जुनं चाक काढून नवं बसवलं. मिस्त्रींनी बिडाचा एक ओबडधोबड ठोकळा बांधला. रावजीने भिंतीशी उभं मोठं चाक फिरवलं आणि पातं संथपणे ठोकळ्यावरून गेलं. बिलकिसने त्यावर ओला तळवा फिरवला. कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. पाण्याचा थर सगळीकडे सारखा पसरला आणि त्यात पडवीचं छप्पर दिसू लागलं.

"देवच हाय ह्यात," रावजी हळूच म्हणाला.

"अहो," बिलकिसने विचारलं, "हे मशीनही कुठल्यातरी मशीनवरच कापलं असेल ना? आणि ते?"

"ते त्याच्याआधीच्या मशीनवर."

"आणि सगळ्यात पहिलं?"

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर ते पहिलं मशीन घडवणारा आला. कोण कुठला माणूस, कुठल्या मुलखातला, ज्याच्याकडे नुसती कानस होती आणि समोर काहीच नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यावरचा काळा भुगा झटकला आणि ती पुन्हा नीट घातली.

"रावजी," ते म्हणाले, "अजून एकदा फिरव. नुसतं बघायला."