नको म्हणून मिळालेली मतं

आपल्या लोकांत ‘नको’ या शब्दाला काडीची किंमत नाही. जेवताना नको म्हणा, पानात आणखी एक पोळी पडते. निघताना चहा नको म्हणा, आधण ठेवलेलंच असतं. सुनेत्राला हे काय माहीत नव्हतं? जन्म गेला तिचा वाढण्यात आणि वाढून घेण्यात. पण माणूस घाबरला की नेमकं माहीत असलेलंच विसरतो, तसं तिचं झालं.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची, दुबईच्या कडेला शारजाला टेकलेल्या कुसैसमधली. तिथे आमचं एक मराठी मित्रमंडळ होतं आणि मंडळ म्हटलं की भांडण आलंच. मुंबईकडचे सगळे अरुणच्या बाजूचे. त्यांना गणपतीत ढोल पाहिजे, स्टेज पाहिजे, लाइटिंग पाहिजे. पुण्याकडचे कुंदाताईंच्या बाजूचे. त्यांना आवर्तनं पाहिजेत, शांतता पाहिजे आणि मोदक उकडीचेच पाहिजेत. मागच्या वर्षी हे इतकं विकोपाला गेलं की प्रसाद दोन वेगवेगळ्या टेबलांवर वाटला गेला. परमुलखात गणपतीपुढे असा तमाशा, काय बोलायचं?

तेव्हा मुरलीधररावांनी तोड काढली. ते ऑस्ट्रेलियात एका उपनगरात तीन वर्षं राहून आलेले होते. तिथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीचं त्यांना भारी कौतुक. एखाद्या देवळाबद्दल बोलावं तसं ते मतपेटीबद्दल बोलायचे.

“कागदावर तिघांची नावं,” त्यांनी सभेत समजावलं. “आवडीप्रमाणे एक, दोन, तीन आकडे टाका. पहिली पसंती आधी मोजायची. निम्म्याहून जास्त कुणालाच नसली, तर सगळ्यांत कमी ज्याला, तो बाद. त्याच्या चिठ्ठ्यांवर दुसरं नाव ज्याचं, त्याच्याकडे ती मतं सरकवायची. एकही मत वाया जात नाही.”

“आणि बाद झालेला माणूस?” मागून कुणीतरी विचारलं.

“तो चहा प्यायला मोकळा,” मुरलीधरराव म्हणाले आणि सगळे हसले. सुनेत्राही हसली. तेव्हा डिसेंबर होता.

तिसरं नाव तिच्या नवऱ्याचं, सूर्यकांतचं. तो सांगलीचा, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. त्याची ख्याती एकच. कुसैसमधल्या कुणालाही एअरपोर्टला सोडायचं-आणायचं असलं की सूर्यकांतची जुनी निस्सान दारात हजर. पहाटेचं विमान असो की भर दुपारचं, बॅगा उचलून आत ठेवीपर्यंत हा माणूस हलायचा नाही. पेट्रोलचे पैसे पुढे केले की म्हणायचा, “खलास, बस झालं, परत काढायचे नाहीत.” दोन्ही गटांना चालेल असा कुणीतरी उभा राहावा म्हणून लोकांनीच त्याला घोड्यावर बसवलं.

आणि जानेवारीत त्याच्या कंपनीने दुबईचं ऑफिस बंद केलं.

मॅनेजरने त्याला बोलावून पासपोर्ट हातात दिला. त्या काळी तिथे बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. ज्याचा पासपोर्ट घरी, तो एक तर सुट्टीवर निघालेला किंवा कायमचा निघालेला, हे शेंबडं पोरही सांगेल. व्हिसा मार्चअखेरपर्यंत ठेवतो, एवढी मेहेरबानी मॅनेजरने केली. सूर्यकांतचा व्हिसा गेला की सुनेत्राचा गेला, मुलीचा गेला. घर गेलं, गाडी गेली, गाशा गुंडाळायचा आणि निघायचं.

मुलगी शुभ्रा बारावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. जन्मापासून इथेच वाढलेली, सांगली तिला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती माहीत. नवराबायकोने ठरवलं, शेवटचा पेपर होईपर्यंत घरात अवाक्षर काढायचं नाही. घरात नाही म्हणजे बाहेरही नाही, कारण कुसैसमध्ये सकाळी एका किचनमध्ये बोललेलं संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला ठाऊक असतं. सुनेत्राने पासपोर्ट कपाटात पैठणीच्या घडीत ठेवला. सूर्यकांत रोज डबा घेऊन निघायचा, दुबईच्या देरा भागातल्या ऑफिसांतून बायोडेटा वाटायचा आणि गाडीत बसून डबा खायचा. एक दिवस डब्यातली भाजी तशीच परत आली तेव्हा सुनेत्रा सिंकपाशी उभी राहून रडली, नळ सोडून.

“नाव मागे घ्या,” ती म्हणाली.

“का घेतलं विचारतील. काय सांगू? इथे माणूस एकाच कारणासाठी मागे सरतो.”

“आणि निवडून आलात तर? वर्षभर चालेल अशा व्हिसाच्या पानाची कॉपी मागतात अध्यक्षाकडे.”

“मला कोण देतंय पहिलं मत?” तो म्हणाला. “दोघांच्या भांडणात मी आपला पानातल्या लोणच्यासारखा. पहिल्याच फेरीत बाद होईन.”

तिलाही ते पटलं. पण मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्याने ठेवणीतला निळा शर्ट इस्त्रीला टाकलेला तिने पाहिला आणि ती समजली, याला आतून निवडून यायचंय. नुसतं नशिबावर सोडून चालायचं नाही. ती स्वतः उठली आणि घरोघर गेली.

“आमच्या ह्यांना मत नका हो देऊ,” ती सांगायची. “त्यांना कुठे जमतंय? वेळ नाही, बोलता येत नाही चारचौघांत. खरंच नको.”

सगुणाबाई नागपूरच्या, कोणत्याच गटात नसलेल्या. त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. “बघा, याला म्हणतात संस्कार. ते अरुणचे लोक फोन करकरून जीव खातात आणि तुम्ही नको म्हणता.”

“अहो, मनापासून सांगतेय.”

“कळतं हो आम्हाला. घ्या, चिवडा घ्या.”

जाईल तिथे हेच. जितकं ती नको म्हणाली, तितका लोकांचा आग्रह वाढला. कोल्हापूरचे, नागपूरचे, रत्नागिरीचे, जे एरवी मतदानाला फिरकलेच नसते, ते म्हणू लागले की माणूस असावा तर असा. सुनेत्राला वाटलं, आता भिंतीवर डोकं आपटावं.

शुभ्राही त्या आठवड्यात सारखी बाहेर असायची. केमिस्ट्रीच्या नोट्स आणायच्या म्हणायची. सुनेत्राने फारसं विचारलं नाही. तिच्याच डोक्याला काय कमी ताप होता?

शुक्रवारी दुपारी शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. दारात दोन दिरहमला सामोसा, म्हणजे सव्वीस रुपये, असं प्रत्येकाने मोठ्याने म्हणून मग प्रत्येकाने खाल्ला. सुनेत्राने पडद्याआड जाऊन आपल्या नवऱ्यापुढे तीनचा आकडा लिहिला. सप्तपदी चाललेली बाई ती, पण लिहिला.

मुरलीधररावांनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केले. अरुणचा सर्वांत मोठा, पण निम्म्याच्या आत. उरलेले दोन गठ्ठे सारखेच दिसत होते. त्यांनी ते दोनदा मोजले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कुंदाताई बाद.”

थोडक्यात गेलं. सगुणाबाई आणि त्यांच्यासारख्या चार घरांनी ते केलं आणि ती घरं सुनेत्राने स्वतः पायी फिरून मिळवून दिली होती. आता कुंदाताईंच्या चिठ्ठ्या उघडू लागल्या. दुसरी पसंती सूर्यकांत. पुन्हा सूर्यकांत. अरुणला मत देण्यापेक्षा पुणेकरांनी जीव दिला असता. दुसरा गठ्ठा वाढत वाढत अरुणच्या वर गेला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरलीधररावांनी सूर्यकांतच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. निळा शर्ट, वर शाल, आणि चेहरा असा उजळलेला, की सुनेत्राला तो महिनाभरात असा दिसलाच नव्हता. इतक्या लोकांना तू हवास, असं कुणीतरी त्याला सांगायला हवंच होतं. पण आत्ता नको, असं नको.

कुंदाताई तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. हरल्याचा राग गिळलेला दिसत होता.

“अभिनंदन. तू पहिली मतं ओढलीस आणि लेकीने दुसरी.”

“शुभ्राने?”

“अगं, दारोदार फिरली ना पोरगी. माझ्याकडेसुद्धा आली. म्हणाली, आंटी, फर्स्ट तुम्ही स्वतःला द्या, सेकंड बाबांना द्या, प्लीज. अशी कळवळून मागत होती, मला मेलं नाही म्हणवेना.”

सुनेत्राने मान वळवली. शुभ्रा भिंतीला टेकून उभी होती, टाळ्या वाजवून हात लाल झालेले. सुनेत्रा उठून तिच्यापाशी गेली.

“का फिरलीस तू?”

शुभ्राने मान खाली घातली. मग म्हणाली, “आय सॉ बाबाज पासपोर्ट. इन युअर सारी.”

“कधी?”

“लाँग बॅक. आय डिडन्ट टेल. यू बोथ वर ट्राइंग सो हार्ड.” तिने समोरच्या रांगेकडे बोट केलं. तिथे कार्यक्रमांना पैसे देणारे दोघे-तिघे व्यापारी बसले होते. “प्रेसिडेंट मीट्स ऑल दोज पीपल, आई. समबडी विल गिव्ह हिम अ व्हिसा. दे विल हॅव टू.”

पोरीसाठी दोघांनी तोंडाला कुलूप लावलं होतं आणि पोर त्याच घरात स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून बसली होती. केमिस्ट्रीऐवजी दारं वाजवत. क्षणभर तिला वाटलं, हिचं खरं ठरलं तर? गप्प बसावं, होईल ते होईल.

स्टेजवर सूर्यकांत माइकसमोर बोलत होता. बोलता येत नाही म्हणे. चांगला बोलत होता. “यंदा गणपतीला ढोलही असेल आणि आवर्तनंही. सप्टेंबरमध्ये मी स्वतः—”

सप्टेंबर ऐकून समोरच्या रांगेतला एक व्यापारी मान डोलावत होता. सुनेत्राला भीती वाटली ती याचीच, की सूर्यकांत नुसता लोकांना सांगत नव्हता, त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत चालला होता. उद्या कॉपी मागतील. तो परवा देतो म्हणेल. ज्याने आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, तो दाराआड लपायला लागेल, आणि लेक ते बघेल.

ती स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. माइकवर हात ठेवला आणि त्याला एवढंच म्हणाली, “तिला माहितीये.”

सूर्यकांतने शुभ्राकडे पाहिलं. मग त्याने बायकोचा हात माइकवरून हळूच बाजूला केला.

“माफ करा,” तो म्हणाला. “मला हे घेता येणार नाही. माझी नोकरी गेली. मार्चनंतर आम्ही इथे नाही.”

सामोसा खाणारे खायचे थांबले. अरुण उभा राहिला आणि पुन्हा बसला. सूर्यकांतने शाल काढली, नीट घडी केली आणि नारळासकट टेबलावर ठेवली.

मुरलीधरराव वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. पण पद्धत ती पद्धत. “हरकत नाही,” ते घसा साफ करत म्हणाले. “सोय आहे यात. पुन्हा मतदान नको. एक नाव वगळून पुन्हा मोजायचं, मतं पुढे सरकतात.”

आणि सरकली. सूर्यकांतच्या गठ्ठ्यात आलेल्या कुंदाताईंच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे परत गेल्या, बाकीची प्रत्येक चिठ्ठी तिच्यावरच्या पुढच्या नावाकडे गेली. बघता बघता टेबलावरचा तो गठ्ठा संपला. बाद झालेल्या कुंदाताई चार मतांनी अध्यक्ष झाल्या. तीच शाल, तोच नारळ, तेच लोक टाळ्या वाजवायला. सूर्यकांतनेही वाजवल्या. सगळं मिळून चहा निवायच्या आत आटोपलं.

नंतर सगळे भेटायला आले. काही लागलं तर सांगा हं, म्हणाले. समोरच्या रांगेतल्या व्यापाऱ्याने सूर्यकांतचा हात हातात घेतला, इन्शाल्ला होईल काहीतरी, म्हणाला, आणि घड्याळ बघत निघाला. मुरलीधरराव सुनेत्राला काहीतरी सांत्वनाचं बोलायला आले आणि त्यांना सुचलं ते एवढंच, “वहिनी, एकही मत वाया गेलं नाही हो.” ती हो म्हणाली. त्यांच्यावर चिडून काय करणार?

पार्किंगमध्ये आल्यावर सूर्यकांतने सवयीने मागे वळून हाक दिली, “कुणाला सोडायचंय का?” सगुणाबाई नेहमी त्याच्याच गाडीतून जायच्या. आज त्या म्हणाल्या, “नको, नको, आम्ही चालतच जाऊ,” आणि झपाझप निघून गेल्या. त्या नकोला मात्र कुणी आग्रह केला नाही.

गाडी निघाली. सिग्नलवर थांबल्यावर, एअरपोर्टकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली, तेव्हा मागच्या सीटवरून शुभ्रा बोलली. घरात सदा इंग्रजी फाडणारी ती पोर सरळ मराठीत म्हणाली,

“बाबा, आपल्याला एअरपोर्टला कोण सोडणार?”